परीक्षकाची परीक्षा

वैद्याच्या हातांतील तापमापकच बिघडलेला असला तर निरोगी माणसास ज्वर ठरेल आणि ज्वरानें फणफणलेला माणूस ठणठणीत ठरेल. दोष वैद्याच्या विद्येचा नसेल, रोग्याच्या प्रकृतीचाहि नसेल. तो त्या दोघांमध्यें मध्यस्थी करणाऱ्या लहानशा नळीचा असेल. परंतु संशयाचा क्रम मात्र नेहमीं उलटा असतो. तो प्रथम रोग्यावर येतो, मग वैद्यावर येतो, आणि नळीवर आलाच तर सर्वांच्या शेवटीं येतो. साधन जितकें क्षुद्र तितकें तें संशयातीत, असा कांहींसा मनुष्यस्वभावच आहे. मोटारीच्या पोटांतील बिघाड शोधण्यासाठीं हौशी मोटारमालकांच्या घरीं आज जी एक स्वस्त केबल येऊं लागली आहे, तिच्या बाबतींत या स्वभावाचा प्रत्यय वारंवार येतो.

पुण्यांतील एका गृहस्थाचें उदाहरण कल्पावें. त्यांच्यापाशीं २००४ सालची, पेट्रोलवर चालणारी ऑक्टाव्हिया आहे. या मोटारींची जुळणी २००१ सालापासून शेंद्रा येथें, म्हणजे तेव्हांच्या औरंगाबादेजवळ आणि आतांच्या छत्रपति संभाजीनगराजवळ, होऊं लागली होती. मोटार जुनी, पण घरच्या माणसासारखी झालेली. दोन महिन्यांपूर्वीं चिरंजिवांनीं हौसेनें तींत नवा रेडिओ बसविला आहे. पुढच्या आठवड्यांत वृद्ध मातोश्रींना घेऊन नाशिकला जावयाचें आहे. आणि नेमका आतांच चालकासमोरील फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आहे. गृहस्थ सुशिक्षित. त्यांनीं बाजारांतून कांहीं शें रुपयांची निदानाची केबल आणली, एक टोंक लॅपटॉपला आणि दुसरें मोटारीला जोडलें, आणि पडद्यावर उत्तर उमटलें : संपर्क होत नाहीं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानें मान हलवून सांगितलें, "साहेब, ईसीयू गेला." ईसीयू म्हणजे इंजिनाचा कारभार पाहणारी विजेची पेटी, ती बदलावयाची म्हणजे मध्यमवर्गीय घराचा महिन्याचा पगार खर्ची घालण्यासारखेंच आहे.

येथें मुकें कोण झालें आहे, मोटार कीं केबल? हा प्रश्न विचारल्यावांचून जो पैसे मोजतो, त्याची पेटी बदलली जाईल, पण दिवा मात्र तसाच लागलेला राहील. या प्रश्नाचें उत्तर मिळविण्याची रीत अवघड नाहीं. त्यासाठीं प्रथम ही केबल काय करते, हें समजून घ्यावें लागतें.

मोटारीनें आपल्या बिघाडाची हकीकत आपणच सांगावी, ही कल्पना मूळची अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याची. तेथील शहरांवर धुरकट हवेचें जें संकट आलें, त्यांतून मोटारींच्या धुरावर निर्बंध आले. आणि धूर स्वच्छ ठेवणारीं यंत्रें बिघडलीं तर चालकास कळावें, म्हणून १९८८ सालच्या मोटारींपासून अशी आत्मपरीक्षणाची सोय सक्तीची झाली. त्या वेळीं प्रत्येक कारखान्याचा प्लग निराळा आणि बोली निराळी होती. १९९६ सालापासून अमेरिकेंतील सर्व नव्या मोटारींना एकच आकाराचें, सोळा भोंकांचें सॉकेट आलें. युरोपांत पेट्रोलच्या मोटारींना २००१ पासून तें बंधनकारक झालें. भारतांत 'भारत स्टेज ४' च्या नियमांबरोबर १ एप्रिल २०१० पासून या व्यवस्थेचा पहिला टप्पा आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. मात्र युरोपीय घडणीच्या कित्येक मोटारी तें सॉकेट घेऊनच त्याआधीं येथें आलेल्या होत्या.

स्टिअरिंगच्या खालीं, चालकाच्या गुडघ्याजवळ, हें सॉकेट सांपडतें. त्याच्या सोळा भोंकांपैकीं कांहींचें काम ठरलेलें आहे. ४ आणि ५ हीं बॅटरीच्या ऋण बाजूचीं. १६ वें धन बाजूचें, आणि तेथें किल्ली काढलेली असतांनाहि वीज असते. ६ आणि १४ यांची जोडी 'कॅन' नांवाच्या वेगवान पद्धतीसाठीं आहे. ती जर्मनीच्या बॉश कंपनीनें १९८६ सालीं जगापुढें मांडली. ७ वें भोंक जुन्या 'के लाइन' चें. ऑक्टाव्हियासारख्या त्या काळच्या मोटारी या के लाइनवरूनच बोलतात.

के लाइन ही एकच तार आहे. बोलणें आणि ऐकणें दोन्ही तिच्यावरूनच चालतें. कोणी बोलत नसेल तेव्हां ती १२ व्होल्टच्या आसपास स्थिर असते. ज्याला बोलावयाचें असेल तो तिला ठराविक तालावर क्षणभर शून्याकडे ओढतो. देवळांतील घंटेच्या दोरीसारखीच ही व्यवस्था आहे. दोरी कोणीहि ओढावी, नाद सर्वांना ऐकूं येतो. परंतु एखाद्यानें ती ओढून तशीच धरून ठेवली तर बाकी कोणालाहि घंटा वाजवितां येत नाहीं. ही उपमा पुढें उपयोगी पडणार आहे.

संभाषणाचा आरंभहि मोठा शिष्टाचाराचा आहे. केबल प्रथम अत्यंत सावकाश, सेकंदाला पांच ठोके या गतीनें, ज्या पेटीशीं बोलावयाचें तिचा अंक उच्चारते. एवढ्यालाच दोन सेकंद लागतात. पेटी जागी असली तर ठरलेल्या खुणेचा अंक परत पाठविते, आपली बोली कोणती तें सांगते, आणि मग सेकंदाला सुमारें दहा हजार ठोक्यांच्या वेगानें बोलणें सुरू होतें. ह्या पहिल्या नमस्कार-चमत्कारांत कोठेंहि खंड पडला कीं पडद्यावर तेंच एक वाक्य येतें : संपर्क होत नाहीं. कारणें अनेक, वाक्य मात्र एकच; घोटाळ्याचें मूळ येथें आहे.

या केबलच्या पोटांत मुख्यतः दोन चिपा असतात. एक संगणकाच्या यूएसबी भाषेचें साध्या एकेरी ठोक्यांत रूपांतर करते; दुसरी त्या ठोक्यांना मोटारीच्या १२ व्होल्टांना पेलेल असें बळ देते. पहिलीला वीज संगणकाकडून मिळते, दुसरीला मोटारीकडून. म्हणून टेबलावर संगणकानें केबल ओळखली, एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाहीं. तिचें अर्धें अंग तेव्हां निजलेलेंच असतें.

आतां ही केबल 'अनधिकृत' म्हणजे काय? मोटारीच्या कारखान्याचें अधिकृत निदानयंत्र महाग असतें आणि तें अधिकृत दुकानाबाहेर सहसा येत नाहीं. आपल्या मोटारीस काय झालें आहे हें जाणण्याचा मालकाचा अधिकार तर कोणीहि मान्य करील. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यास स्वस्त केबली निघाल्या. त्यांतील कित्येक साध्या व सरळ आहेत. परंतु कित्येकांवर खोटेपणाचा शिक्का आहे. कॅनडांतील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें 'ईएलएम ३२७' नांवाची एक चिप काढली होती. तिच्या पहिल्या आवृत्तींतील आज्ञावलीस नकलेपासून संरक्षण नव्हतें. नकला करणाऱ्यांनीं ती उचलली आणि बाजार भरून टाकला. पुढें तर त्या नकला विचारल्यावर आपला आवृत्तिक्रमांकहि वाढवून सांगूं लागल्या. मूळ कंपनीनें तोंवर काढलीहि नव्हती अशा आवृत्तीचें नांव त्या खुशाल लावीत, आणि आंत मात्र तीच पहिली आवृत्ति, तिच्या मूळच्या चुकांसकट. २०२२ सालीं मूळ कंपनी बंद झाली. नकला मात्र चालूच आहेत. ज्या साधनाकडून सत्य वदवून घ्यावयाचें तेंच आपलें वय चोरतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

याहून बोधप्रद हकीकत यूएसबीच्या चिपेची आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील एफटीडीआय या कंपनीची 'एफटी २३२' ही चिप फार नांवाजलेली. साहजिकच तिच्या बनावट प्रतीहि पुष्कळ निघाल्या. २०१४ च्या ऑक्टोबर महिन्यांत विंडोजच्या नेहमींच्या अद्ययावतीकरणाबरोबर या कंपनीचा नवा ड्रायव्हर लक्षावधि संगणकांवर पोहोंचला. ड्रायव्हर म्हणजे येथें संगणकाला त्या चिपेशीं बोलावयास शिकविणारी आज्ञावलि. या नव्या ड्रायव्हरला बनावट चिप आढळली कीं तो तिच्या स्मरणांतील ओळखीचा अंक पुसून तेथें शून्य लिही. काल चालणारी केबल आज संगणकाला अनोळखी झाली. ओरड झाल्यावर कंपनीनें तो ड्रायव्हर मागें घेतला; परंतु २०१६ सालीं दुसरा आला, आणि तो बनावट चिपेकडून माहितीच्या जागीं 'खरें उपकरण नाहीं' अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य पाठवूं लागला. चिपेची नक्कल करणारा अपराधी खराच. पण शिक्षा भोगली ती ज्यानें दुकानांतून भाबडेपणानें केबल विकत घेतली त्यानें. नाणें खोटें आहे हें ओळखण्याचें साधन ज्याच्यापाशीं नाहीं, त्याच्याच हातावर छडी बसली.

असो. तर मुक्या केबलची परीक्षा कशी करावी? तिचा नियम एकच आहे : संगणकाकडून आरंभ करून एकेक पाऊल मोटारीकडे जावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालें, तर गुण कोणाचा हें कधींच कळत नाहीं.

पहिला प्रश्न : संगणक केबलला ओळखतो काय? केबल लावल्याबरोबर विंडोजच्या उपकरणांच्या यादींत नवें 'कॉम पोर्ट' दिसलें पाहिजे. न दिसल्यास दुसऱ्या यूएसबी सॉकेटांत लावून पाहावें. तेथें 'अनोळखी उपकरण' असें दिसलें तर त्याचे ओळखीचे अंक वाचावे. एफटीडीआयच्या या चिपेचे अंक ०४०३ आणि ६००१ असे असतात. चिनी 'सीएच ३४०' या चिपेचे १ए८६ आणि ७५२३. ज्या चिपेचे अंक, तिचाच ड्रायव्हर घालावा. ६००१ च्या जागीं ०००० दिसलें तर २०१४ च्या त्या प्रकरणाचाच हा बळी समजावा. तो अंक पुन्हां लिहिण्याची सोय आहे, आणि केबल मेलेली नसते.

दुसरा प्रश्न : सॉफ्टवेअर योग्य दारावर थाप मारीत आहे काय? निदानाचीं कांहीं जुनीं सॉफ्टवेअरें पहिल्या चार पोर्टांपलीकडे पाहतच नाहींत. संगणकानें मात्र केबलला सातवा क्रमांक दिलेला असतो. हा क्रमांक हातानें बदलतां येतो. तसेंच एफटीडीआयच्या ड्रायव्हरांत माहिती सांठवून ठेवण्याची एक मुदत असते. ती मुळांत १६ मिलिसेकंद ठेवलेली असते. नमस्काराच्या त्या नाजूक घटकेस एवढा उशीर कधीं कधीं बाधतो. ती एक-दोन मिलिसेकंदांवर आणली म्हणजे अडलेलें संभाषण पुष्कळदां वाहूं लागतें.

तिसरा प्रश्न : मोटारीकडून वीज येते काय? मल्टिमीटरची काळी तार ४ थ्या भोंकांत आणि लाल तार १६ व्या भोंकांत हलकेच टेंकवावी. इंजिन बंद असतां साडेबारा व्होल्टच्या आसपास आंकडा दिसावा. कांहींच दिसलें नाहीं तर फ्यूज पाहावा. कित्येक मोटारींत या सॉकेटचा फ्यूज आणि सिगारेट पेटविण्याच्या सॉकेटचा फ्यूज एकच असतो, आणि मोबाइलच्या एखाद्या हलक्या चार्जरनें तो केव्हांच उडालेला असतो. चार आण्यांच्या वस्तूवरून हत्तीएवढा संशय उभा राहतो, तो असा.

चौथा प्रश्न : तारा अखंड आहेत काय? केबल दोन्हीकडून काढून घ्यावी, मल्टिमीटर 'बीप' वर ठेवावा, आणि प्लगच्या पिनेपासून आंतील पट्टीपर्यंत एकेक तार तपासावी. तपासतांना केबल हळूहळू वांकवावी. पुष्कळशा स्वस्त केबली प्लगच्या मानेपाशींच तुटतात. वरचें रबर शाबूत असतें आणि आंतील तांब्याचे केंस मात्र एकेक करून गेलेले असतात. अशी तार सरळ धरली तर बीप वाजतो, वांकविली तर थांबतो.

पांचवी परीक्षा निर्णायक आहे. के लाइन ही एकच तार असल्यामुळें केबल जें बोलते तें तिचें तिलाच परत ऐकूं येतें. हा प्रतिध्वनि म्हणजेच तिच्या आरोग्याचा दाखला. मोटारीपासून दूर, टेबलावर, १२ व्होल्टची एक लहान बॅटरी घ्यावी. तिच्या धन तारेंत एक अँपिअरचा फ्यूज घालून ती प्लगच्या १६ व्या पिनेला आणि ऋण तार ४ व ५ या पिनांना जोडावी. तारा उलट्या लागल्या तर दुसरी चिप जळूं शकते, म्हणून जोडण्यापूर्वीं दोनदां पाहावें. मग ७ व्या पिनेवर बॅटरीएवढें व्होल्टेज मिळावें. त्यानंतर संगणकावर साधें टर्मिनल सॉफ्टवेअर उघडून, त्यांतील 'लोकल एको' बंद करून, एक अक्षर दाबावें. तेंच अक्षर परत उमटलें तर संगणकापासून प्लगच्या टोंकापर्यंत सारा मार्ग मोकळा आहे. उमटलें नाहीं तर मोटारीस बोल लावण्यास जागा नाहीं. दोष केबलमध्यें आहे. आंत स्वतःची आज्ञावलि असलेल्या, 'ईएलएम' जातीच्या उपकरणांना ही कसोटी अशीच्या अशी लागू पडत नाहीं. साध्या के लाइन केबलला मात्र ती चोख लागू पडते.

आतां त्या पुण्याच्या गृहस्थांकडे वळावें. त्यांच्या संगणकानें केबल ओळखली होती, पोर्टचा क्रमांक बरोबर होता, सॉकेटांत वीज होती. परंतु प्लगची मान वांकवितांच ऋण तारेचा बीप थांबला, आणि टेबलावर अक्षराचा प्रतिध्वनि आला नाहीं. त्यांनीं प्लगचे दोन स्क्रू काढले. तारेचा तुटलेला भाग कापून टाकला, नवें टोंक सोलून तें पिनेला सोल्डर केलें, आणि वर उष्णतेनें आवळणारी नळी चढविली. जुना सांधा मळकट आणि दाणेदार दिसत होता. चांगला सांधा गुळगुळीत दिसतो आणि तारेला बिलगून बसतो. मग केबलचें जाड आवरण प्लगमध्यें पट्टीनें आवळून बसविलें, म्हणजे पुढें ओढ बसेल ती आवरणावर, तांब्यावर नव्हे. ही शेवटची क्रिया न केल्यास दुरुस्ती महिनाभरहि टिकत नाहीं. पुन्हां टेबलावर बॅटरी जोडली, अक्षर दाबलें, अक्षर परत आलें.

तार शाबूत असूनहि ७ व्या पिनेवर व्होल्टेज मिळालें नसतें, तर दोन ठिकाणीं पाहावें लागलें असतें. एक म्हणजे के लाइनला १२ व्होल्टांकडे ओढून धरणारा ५१० ओमचा लहान रोध. कित्येक स्वस्त केबलींत तो गाळलेलाच असतो. दुसरी ती मोटारीकडची चिप, बहुधा 'एल ९६३७'. मुगाच्या दाण्याएवढी, आठ पायांची. ती बदलतां येते, पण त्यासाठीं बारीक टोंकाचें सोल्डरिंग आयर्न आणि स्थिर हात हवा. नवशिक्यानें हें काम मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं.

केबल बरी झाली. गृहस्थ उत्साहानें मोटारींत जाऊन बसले. आणि पडद्यावर पुन्हां तेंच वाक्य आलें. अशा वेळीं सामान्य माणसाचा धीर सुटतो, आणि "गॅरेजवाला म्हणत होता तेंच खरें" असा निकाल तो देऊन टाकतो. परंतु आतां त्यांच्या हातीं एक गोष्ट पक्की होती : साधन खरें आहे. शेजाऱ्यांची त्याच घडणीची मोटार होती. तिला केबल लावली, ती तत्काळ बोलली. म्हणजे दोष आतां निश्चित आपल्या मोटारींत. पण म्हणून तो ईसीयूंतच आहे काय?

येथें त्या घंटेच्या दोरीची आठवण करावी. के लाइन ही एका इंजिनाच्या पेटीची खासगी तार नव्हे. ब्रेकची पेटी, एअरबॅगची पेटी, इतकेंच नव्हे तर कारखान्यानें बसविलेला रेडिओहि तिलाच जोडलेला असतो. फोक्सवॅगन समूहाच्या त्या काळच्या मोटारींत रेडिओच्या प्लगांतील एक तार ही के लाइन असते. बाजारांतील परक्या रेडिओंत त्याच जागेची पिन भलत्याच कामाची असते. असा रेडिओ मूळ प्लगांत जसाच्या तसा खोंचला कीं तो के लाइन घट्ट धरून ठेवतो, आणि साऱ्या मोटारीची वाचा बसते. मोटार चालते, दिवे लागतात, गाणें वाजतें. परंतु विचारल्यावर उत्तर मिळत नाहीं. गृहस्थांना चिरंजिवांच्या हौशीची आठवण झाली. त्यांनीं रेडिओ बाहेर ओढून त्याचा प्लग काढला, आणि दोन सेकंदांनीं मोटार बोलूं लागली. ती एक तार प्लगमधून काढून तिच्या टोंकाला चिकटपट्टी गुंडाळतांच रेडिओहि वाजूं लागला आणि मोटारहि बोलत राहिली. ईसीयू पहिल्यापासून शुद्धींत होता. फक्त त्याचें तोंड दाबून धरलेलें होतें.

मोटारीनें सांगितलें तें एवढेंच कीं, इंजिनाला इंधनाच्या मानानें हवा अधिक मिळत आहे. हेंहि वाक्य निकाल नव्हे, साक्ष आहे. अशी साक्ष ऐकून धुराची रचना तपासणारा सेन्सर बदलण्याकडे पुष्कळांचा कल असतो. वस्तुतः तो सेन्सर आपलें काम चोख करून तक्रार कळवीत असतो. गृहस्थांनीं इंजिनावरील रबराच्या नळ्या बोटांनीं चांचपून पाहिल्या. एक नळी जुनी होऊन चिरली होती, आणि तिच्यांतून हवा चोरपावलांनीं आंत शिरत होती. नळी बदलली, दिवा विझला, आणि मातोश्री नाशिकला पोहोंचल्या.

कथा सुखान्त झाली. परंतु अशा केबलपासून जपावयाच्या गोष्टीहि सांगितल्या पाहिजेत. वाचन आणि लेखन यांत महदंतर आहे. मोटारीच्या स्मरणांतील नोंद वाचतांना केबलनें दगा दिला तर फार तर वेळ जातो. तेथें कांहीं लिहितांना दगा दिला तर निरोगी पेटी कायमची निकामी होऊं शकते. म्हणून अनधिकृत केबलनें वाचावें, लिहूं नये. ब्रेक आणि एअरबॅग यांच्या व्यवस्थेंत तर मुळींच हात घालूं नये. नोंदी पुसून दिवा विझवितां येतो, पण पुसण्यापूर्वीं त्या कागदावर उतरून घ्याव्या. दिवा विझविणें म्हणजे रोग बरा करणें नव्हे, आणि रोग्याचें टिपण फाडून टाकणारा वैद्य कोणालाहि आवडणार नाहीं. केबलबरोबर चकतीवर येणारें चोरीचें सॉफ्टवेअर संगणकांत घालूं नये. त्यांतून कोणते पाहुणे घरांत शिरतील याचा नेम नसतो. लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवावा. आणि केबल लोंबत ठेवून मोटार कधींहि हांकूं नये. तें सॉकेट चालकाच्या पायांजवळ आहे, आणि ब्रेकच्या पेडलमध्यें अडकलेली तार कोणत्याहि बिघाडाहून भयंकर.

आणखी एक गोष्ट. नव्या मोटारीला ही जुनी केबल लावून ती मुकी ठरली, तर दोघींपैकीं कोणाचाहि दोष नसण्याचा संभव आहे. सॉकेटच्या ७ व्या भोंकांत धातूची पट्टीच नसेल आणि ६ व १४ यांत असेल, तर ती मोटार कॅनची बोली बोलते. के लाइनची केबल तिच्यापुढें परदेशांतील प्रवाशासारखी आहे. तेथें दुरुस्ती नको, दुसरा दुभाषा हवा.

सत्य शोधण्याच्या कामीं माणसानें जितकीं साधनें केलीं, त्या सर्वांना एक नियम समान आहे. तराजू तोलण्यापूर्वीं रिकामीं पारडीं समतोल आहेत कीं नाहींत हें वाणी पाहतो. न्यायालयांत साक्षीचा मजकूर ऐकण्याबरोबर साक्षीदारहि पारखतात. कांहीं शें रुपयांची केबलहि साक्षीदारच आहे. ती स्वस्त आहे म्हणून टाकाऊ ठरत नाहीं, आणि पडद्यावर सुबक अक्षरें उमटविते म्हणून सत्यवचनीहि ठरत नाहीं. तिला प्रथम टेबलावर बसवून एक अक्षर विचारावें. तें अक्षर तिनें जसेंच्या तसें परत दिलें, तर मग मोटारीविषयीं ती जें सांगेल तें ऐकण्यास हरकत नाहीं.